शर्कराकंद : कमी पाण्याची साखर, पण वाट खडतर

प्रतिनिधी
हिंदमाता, मुंबई

पावसाळ्यात हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचले की त्याची बातमी होते. ते पाणी साठविण्यासाठी महापालिकेला २०२१ पासून परळ-दादर परिसरातील मैदानांखाली टाक्या उभाराव्या लागल्या. त्याच राज्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने पाठवावे लागले होते. पाण्याची ही विषमता निसर्गाने दिलेली आहे, तशीच ती पिकांच्या निवडीतूनही आलेली आहे. या निवडीची चर्चा सुरू झाली की उसाचा उल्लेख प्रथम होतो आणि त्यामागोमाग एका कमी परिचित पिकाचे नाव पुढे येते. ते म्हणजे शर्कराकंद, अर्थात शुगरबीट.

दादरच्या भाजी बाजारात बीट म्हटले की कोशिंबिरीत पडणारा लालभडक कंद डोळ्यांसमोर येतो. शर्कराकंद त्याचाच भाऊबंद असला तरी रंगाने पांढुरका, आकाराने मोठ्या मुळ्यासारखा निमुळता आणि वजनाने बहुधा किलोभर असतो. त्याच्या वजनात साधारण १४ ते १८ टक्के साखर असते. जगातील एकूण साखरेपैकी सुमारे एक पंचमांश साखर या कंदापासून तयार होते आणि ती उसाच्या साखरेपेक्षा वेगळी नसते. दोन्हींतील रासायनिक घटक एकच, सुक्रोज. चहाच्या कपात पडल्यावर कोणती साखर कोणती, हे जिभेला सांगता येणार नाही.

युद्धातून उभे राहिलेले पीक

बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटमधील गोडी आणि उसाची साखर एकच असल्याचे दाखवून दिले. त्यांचे शिष्य फ्रान्झ आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सायलेशियातील कुनेर्न येथे बीटपासून साखर काढणारा पहिला कारखाना सुरू केला. पुढे ब्रिटनशी चाललेल्या संघर्षात युरोपला वेस्ट इंडिजची साखर मिळेनाशी झाली. तेव्हा नेपोलियनने १८११ मध्ये बीटच्या लागवडीला राजाश्रय दिला. आरंभी या कंदात जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास साखर होती. निवड पद्धतीने वाण सुधारत ती तिप्पट करण्यात आली. एकोणिसावे शतक संपताना जगातील निम्म्याहून अधिक साखर बीटची होती.

हे सर्व थंड हवामानात घडले. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, रशिया, युक्रेन ही आजही या पिकाची प्रमुख घरे आहेत. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात पाटाच्या पाण्यावर ते पिकविण्याचा विचार त्यानंतरचा. त्यासाठी हंगाम उलटा करावा लागला. युरोपात बीट वसंतात पेरून शरदात काढतात, तर उष्ण प्रदेशात ते पावसाळा संपताना पेरून उन्हाळ्याच्या तोंडावर काढतात.

वाळवंटातील दोन उदाहरणे

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला आहे. इम्पिरियल व्हॅली हा वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडणारा वाळवंटी प्रदेश. कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बीट पेरत आणि एप्रिलपासून उन्हाळाभर काढणी चाले. हेक्टरी ९० टनांहून अधिक उत्पादन तेथे सर्रास निघत असे आणि जगातील सर्वोच्च उत्पादकतेत त्याची गणना होई. तरीही ब्रॉली येथील १९४७ पासून चालत आलेला साखर कारखाना बंद करण्याचा निर्णय त्याच्या मालक सहकारी संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केला. कॅलिफोर्नियातील बीटचा हा अखेरचा कारखाना होता. शेतात पीक कितीही उत्तम आले तरी कारखान्याचा हिशेब जुळला नाही तर ते टिकत नाही, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्राने तो नीट ध्यानात घ्यावा असा आहे.

दुसरे उदाहरण इजिप्तचे. नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात तेथे पूर्वापार ऊस पिकतो. तथापि पाण्याची मर्यादा ओळखून १९८० च्या दशकाच्या आरंभी नदीच्या मुखाकडील प्रदेशात बीटचे कारखाने उभारण्यास सुरुवात झाली. नव्याने लागवडीखाली आणलेल्या क्षारयुक्त जमिनींवरही हे पीक घेतले गेले. आज इजिप्तमध्ये उसापेक्षा बीटची साखर अधिक तयार होते. तेथे शासनाने उसाचे क्षेत्र वाढू न देता नवे कारखाने बीटसाठी उभारले. शेतकऱ्याने बीट पेरले तर ते घेणारा कारखाना जवळ होता.

पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रात या पिकाचे आकर्षण मुख्यत्वे पाण्यामुळे आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने राज्यातील उसाच्या पाणीवापराकडे आपल्या अहवालांतून लक्ष वेधले आहे. एकूण पिकांखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन तृतीयांश वाटा घेतो, असा त्याचा आशय आहे. ऊस ठिबकवर आणण्याची सक्ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये घेतला, तो याच पार्श्वभूमीवर.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार उसाला पूर्ण वाढीच्या काळात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. बीटला ५५० ते ७५० मिलिमीटर पुरते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजेच उसाच्या एका हेक्टरला दीड ते अडीच कोटी लिटर, तर बीटच्या हेक्टरला ५५ ते ७५ लाख लिटर पाणी लागेल. साखरेचा विचार केला तरी तफावत राहते. उसाचे हेक्टरी ८० टन आणि ११ टक्के उतारा धरला, तर ८.८ टन साखर मिळते. बीटचे हेक्टरी ५० टन आणि १२ टक्के उतारा असे सावध गणित मांडले, तर सहा टन. उसाला दोन कोटी लिटर आणि बीटला ७० लाख लिटर पाणी धरल्यास एक किलो साखरेमागे उसाला सुमारे २,३०० लिटर आणि बीटला सुमारे १,२०० लिटर पाणी पडते.

या हिशेबाला दोन तळटीपा जोडल्या पाहिजेत. पहिली अशी की, उसाच्या पाण्यात चार महिन्यांच्या पावसाचाही वाटा असतो. बीट रब्बीत येत असल्याने त्याचे जवळजवळ सर्व पाणी विहिरीतून किंवा कालव्यातून द्यावे लागते. म्हणून धरणाच्या साठ्यावरील प्रत्यक्ष बचत कागदावर दिसते तेवढी नसते. दुसरी त्याहून महत्त्वाची. बीट पाच-सहा महिन्यांत निघते, तर आडसाली ऊस १६ ते १८ महिने, पूर्वहंगामी १४ ते १५ आणि सुरू ऊस १२ महिने शेतात उभा असतो. बीट निघाल्यावर रान मोकळे होते. त्यात पावसावर सोयाबीन, तूर किंवा मूग घेतला तर पाणी वाचले. मात्र त्याच रानात उन्हाळी पीक पाण्यावर घेतले तर वाचलेले पाणी तेथेच संपले. पिकाने पाणी वाचविणे आणि शेताने पाणी वाचविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

क्षारपड जमिनीला आधार

या पिकाचा दुसरा गुण क्षार सोसण्याचा. मातीतील क्षारता मोजण्याच्या प्रचलित परिमाणात (डेसिसिमेन प्रति मीटर) उसाचे उत्पादन १.७ च्या पुढे घटू लागते. बीट ७ पर्यंत तग धरते. मात्र हे वाढलेल्या रोपाबाबत खरे आहे. उगवणीच्या वेळी बीट नाजूक असते आणि तेव्हा क्षारता ३ च्या वर नसावी लागते.

बारमाही पाण्याने जमिनी चोपण होण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नीरा डाव्या कालव्यावर उसाची लागवड वाढल्यावर जमिनी खारावू लागल्या. उसाच्या आणि जमिनीच्या अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठी १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांतही आज क्षारपड क्षेत्राचा प्रश्न गंभीर आहे. पाण्याचा निचरा करणारे चर काढणे हाच त्यावरील मूळ उपाय. तो केल्यानंतर जमीन सावरेपर्यंत उत्पन्न देणारे पीक म्हणून बीटचा विचार होऊ शकतो. बीट जमीन सुधारत नाही, ते केवळ बिघडलेल्या जमिनीत इतरांपेक्षा बरे येते.

शेतात काय करावे लागते?

महाराष्ट्रात पेरणी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि काढणी मार्च ते मे या काळात बसते. वरंब्यावर दोन ओळींत ५० आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले की हेक्टरी एक लाख रोपे होतात. उगवण होईपर्यंत हलके पाणी, पुढे वाफसा राखून पाळ्या आणि काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडणे, असा क्रम असतो. शेवटच्या टप्प्यात नत्र अधिक झाले तर पाला माजतो आणि कंदातील साखर घटते. उसाला युरियाचा सढळ हात लावण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला येथे हात आखडता घ्यावा लागतो.

खरी कसोटी उष्णतेची. साखर भरण्याच्या काळात दिवसा २० ते २५ आणि रात्री १५ ते २० अंश तापमान या पिकाला मानवते. पारा ३० अंशांवर गेला की साखर घटू लागते. मराठवाड्यात मार्चमध्येच पारा ३५ ओलांडतो. त्यामुळे उशिरा पेरलेले किंवा काढणी लांबलेले पीक तोट्यात जाते. उष्ण आणि ओलसर जमिनीत स्क्लेरोशियम बुरशीमुळे कंद कुजतात, पानांवर सर्कोस्पोरा ठिपके येतात आणि पाने खाणाऱ्या अळीचा उपद्रव होतो. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले तर कूज, आणि ती वाळून घट्ट झाली तर कंद उपटताना तुटतो. उत्तम निचऱ्याची मध्यम जमीन या पिकाला अधिक मानवते.

बियाण्याचा प्रश्न तर मुळापाशीच अडतो. बीट हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या वर्षी कंद पोसतो आणि दीर्घ थंडी मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी फुलोरा येतो. ही थंडी दख्खनच्या पठारावर मिळत नाही. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथे बीजोत्पादनाचे काम केले आहे. तथापि व्यापारी लागवडीला मुख्यतः आयात संकरित बियाण्याचाच आधार राहिला. उसाचे बेणे शेजाऱ्याच्या शेतातून आणता येते आणि एकदा लावलेला ऊस खोडव्यालाही उत्पन्न देतो. बीटचे बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते.

भारतातील प्रयत्न

देशात या पिकाच्या चाचण्या पंतनगर कृषी विद्यापीठ आणि लखनौची संस्था यांनी १९६० च्या दशकापासून घेतल्या. राजस्थानातील श्रीगंगानगरच्या साखर कारखान्यात उसाबरोबर बीटचेही गाळप १९७० च्या दशकापासून अनेक वर्षे होत असे. ते पुढे थांबले. पंजाबात अमृतसर जिल्ह्यातील बुट्टर येथे राणा शुगर्सच्या कारखान्याने अलीकडच्या काळात बीटपासून साखर काढली.

महाराष्ट्रात या विषयाने खरा वेग घेतला तो २००० च्या दशकात. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीने उष्ण कटिबंधासाठी निवडलेले वाण भारतात आणले. पुण्याजवळील मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेतही या पिकाच्या चाचण्या झाल्या. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातील समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात साखरेसाठी, तर पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळस येथे हरणेश्वर अ‍ॅग्रोच्या प्रकल्पात इथेनॉलसाठी बीट वापरण्याचे प्रयत्न झाले. या वाणाच्या कामाबद्दल कंपनीला २००८ मध्ये जागतिक उद्योग व विकास पुरस्कारही मिळाला. मात्र २०१७ मध्ये कंपनीने आपला बीट बियाण्यांचा जागतिक व्यवसाय डेन्मार्कच्या डीएलएफ कंपनीला विकला. राज्यातील साखर आजही उसाचीच आहे.

कारखान्याची अडचण

असे का झाले, याचे उत्तर शेतापेक्षा कारखान्यात अधिक आहे. ऊस चरकात पिळला जातो. बीट पिळून भागत नाही. कंद धुऊन त्याचे शेवयांसारखे काप करतात आणि सुमारे ७० अंश तापमानाच्या पाण्यातून ते फिरवून साखर उतरवून घेतात. त्यासाठी डिफ्यूझर नावाची निराळी यंत्रणा लागते. रसाच्या शुद्धीकरणाची पद्धतही वेगळी. आपल्याकडील बहुतेक कारखाने गंधकाचा धूर वापरतात, तर बीटच्या रसाला चुना आणि कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया द्यावी लागते.

इंधनाचाही प्रश्न आहे. ऊस गाळल्यावर उरणारा भुसा बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज निर्माण करतो, उरलेली वीज विकतो. बीटच्या चोथ्यात जाळण्यासारखे काही नसते. तो जनावरांचे उत्तम खाद्य होतो, पण बॉयलर पेटवीत नाही. उसाच्या हंगामातील शिल्लक भुसा राखून त्यावर बीटचे गाळप करावे, असा मार्ग सुचविला जातो. ऊस संपल्यावर एप्रिल-मेमध्ये कारखाना रिकामा असतो आणि त्याच वेळी बीट तयार होते, हे या मांडणीचे बळ. मात्र उन्हाळ्यात काढलेला कंद दोन दिवसांत गाळला नाही तर सुकतो, कुजतो आणि साखर गमावतो. वाहतुकीत आणि कारखान्याच्या दारात तुंबलेल्या वाहनांच्या रांगेत हा वेळ कसा सांभाळायचा, याला सोपे उत्तर नाही.

भावाची हमी कोण देणार?

शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा भावाचा. उसाला केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाचे कवच आहे. २००९-१० च्या हंगामापासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, कायद्याने बांधला गेला. तो वेळेवर मिळावा यासाठी आंदोलने करावी लागतात हे खरे. पण मागण्यासाठी कायद्याचा आधार असतो. शर्कराकंदाला असा दर नाही आणि किमान आधारभूत किमतीच्या यादीतही त्याचे नाव नाही. कारखान्याने शब्द फिरवला तर कंद विकायला दुसरी बाजारपेठ नाही. सोयाबीन नाइलाजाने का होईना बाजार समितीत नेता येते. किलोभराचा पांढरा कंद दादरच्या बाजारातही कोणी घेणार नाही.

उसामागे एक संपूर्ण व्यवस्था उभी आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाल्यापासून सभासद, भाग भांडवल, बँक, ऊसतोड टोळ्या, मुकादम आणि राजकारण यांची घट्ट वीण तयार झाली. सुमारे दोनशे कारखाने आणि बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दरसाल तोडीसाठी बाहेर पडणारे लाखो मजूर या विणीत अडकलेले आहेत. तेथे नवे पीक केवळ कमी पाण्याच्या गुणावर शिरकाव करू शकत नाही. पाणी स्वस्त आणि उसाची विक्री निश्चित, तोपर्यंत शेतकऱ्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

इथेनॉलमुळे पुन्हा चर्चा

राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१८ मध्ये इथेनॉलसाठी मान्य केलेल्या कच्च्या मालात शर्कराकंदाचा समावेश केला. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर, तर एक टन बीटपासून ८० ते १०० लिटर इथेनॉल मिळू शकते. पाऊस कमी झाल्याने साखर टंचाईच्या धास्तीपोटी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. एकाच पिकावर अवलंबून राहणे किती जोखमीचे आहे, हे तेव्हा आसवन्यांनी अनुभवले. मात्र ती पोकळी बीटने नव्हे, तर मक्याने भरून काढली. मका साठविता येतो, बाजारात विकता येतो आणि त्याला आधारभूत किंमत आहे. बीटला यांपैकी एकही सोय नाही.

त्यामुळे शर्कराकंद उसाची जागा घेईल ही अपेक्षा आज अवाजवी ठरते. निचरा केलेल्या क्षारपड जमिनी, कालव्याच्या शेपटाकडील गावे आणि डिफ्यूझर बसविण्याची तयारी असलेला जवळचा कारखाना, अशा मोजक्या ठिकाणी ते पूरक पीक होऊ शकते. त्यासाठी पेरणीपूर्वीच लेखी दर, बियाण्याची सोय आणि ४८ तासांत गाळपाची हमी या तीन गोष्टी लागतील. त्या नसताना केवळ कमी पाण्याचे पीक म्हणून शेतकऱ्याला त्याकडे वळविणे म्हणजे सगळी जोखीम त्याच्या माथी मारणे होय.

मुंबईकराला साखरेचा भाव कळतो, तिच्यामागचे पाणी दिसत नाही. घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर वरच्या हिशेबाने तिच्यामागे सुमारे साडेअकरा हजार लिटर पाणी खर्ची पडलेले असते. पाण्याचा मोठा टँकर साधारण तेवढाच असतो. हिंदमाताला ते पाणी नकोसे होते, अंबडला ते हवे असते. साखर कोणत्या पिकातून घ्यावी हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतकऱ्याचा किंवा कारखानदाराचा नाही.